डावीकडचा खटका

त्याची तिरडी वाकडी चालली होती. पुढच्या अंगाला एकीकडं मी, उंटासारखा. दुसरीकडं त्याचा पुतण्या, माझ्या काखेत मावेल एवढा. मागचे दोघं तर विचारूच नका. त्यामुळं एक कोपरा आभाळाला आणि एक गटारीला. त्यात पुतण्याच्या बायकोला काय सुचलं कोण जाणे, तिनं त्याची पाणसळ त्याच्या छातीवर ठेवून दिलेली, झेंडूच्या हाराशेजारी. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती पट्टी. मधे काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की पातळी बरोबर. आता हा काही गवंडी नव्हता. सायकलवाला होता. पण पाणसळ जन्मभर त्याच्या हातात. भवानी पेठेतून निघालो आणि तो बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला तो हलायलाच तयार नाही.

मागनं कुणीतरी बोललं, "आरं लेव्हलमधी धरा की. उटून बसंल त्यो."

लोक हसले. मीही हसलो. बायको जाऊन वर्ष झालं नाही आणि हा म्हातारा मयतीत दात काढतो, असं दोघी-तिघींच्या तोंडावर मला दिसलं. दिसू दे. हसायला आलं तर काय करू? तो असता तर मात्र हसला नसता. त्यानं मयत रस्त्यात थांबवली असती आणि बुटक्यांच्या पायाखाली विटा दिल्या असत्या.

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं टॉवेलच्या मागावर शिकलो, आणि तिथं जे शिकलो ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हा माझं लिहिणं कुठं उंच-सखल लागलं तर वाचणाऱ्यानं आपल्या मापानं करून घ्यावं. त्या माणसाचा धंदा तोच होता.

बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला त्याची टपरी होती. पंक्चर काढायचा नाही. कुणी ट्यूब घेऊन आलं की समोरच्या पंक्चरवाल्याकडं बोट करायचा. "हवेचं काम तिकडं. हितं बुडाचं काम हाय." हे तो बाया-बापड्यांसमोर, कॉलेजच्या पोरींसमोर, देवळातनं येणाऱ्या म्हातारीसमोर, सगळ्यांसमोर म्हणायचा. बूड हा शब्द त्याच्या तोंडात साखरेसारखा असायचा. शीट वर-खाली करणं, हँडल पुढं-मागं घेणं, ब्रेकची मूठ बोटाला लागेल अशी वळवणं, गिअरचा खटका अंगठ्याखाली आणणं, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाला तो अर्धा दिवस घालवायचा आणि गिऱ्हाइकाची अब्रूही घालवायचा.

त्याचा एक कायदा होता. सायकल एकटी आणायची नाही. माणूस पाहिजे. जो बसणार तोच पाहिजे.

एकदा एका कापडवाल्या शेठनं आपली सायकल नोकराबरोबर पाठवली. नोकर शेठच्या कमरेएवढा. यानं काही विचारलं नाही. नोकराला सायकलीवर बसवलं, भिंतीला हात टेकायला लावला, मापं घेतली आणि नोकराच्या बेताची सायकल करून पाठवून दिली. संध्याकाळी शेठ तीवर बसला तर गुडघा हनुवटीला. शेठ तसाच तणतणत टपरीवर आला.

"काय केलंस रे हे माज्या सायकलीचं?"

"ज्यानं आनली त्याच्या मापाची केली."

"सायकल माजी हाय!"

"असंल. पन बूड त्याचं आलं हुतं."

शेठनं शिव्या दिल्या. यानंही दिल्या, पण तेलुगूत. हा घरात तेलुगू बोलायचा, राग आला की टपरीवरही. मला तेलुगू येत नाही, शिव्या तेवढ्या येतात. सोलापुरात राहून तेवढं सगळ्यांनाच येतं. शेवटी शेठला भिंतीला हात टेकून उभं राहावंच लागलं.

ती भिंत बघण्यासारखी होती. टेकलेल्या हातांचे काळे तेलकट पंजे, खालपासून वरपर्यंत. आख्खी पेठ तिला हात लावून गेलेली.

मापाची त्याची रीत सांगतो. चप्पल काढायची. शीटवर बसायचं. टाच पायडलवर ठेवून पायडल पार खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे, पण ताणायचा नाही. मग कोपर शीटच्या नाकाला लावून हात पुढं करायचा. बोटं हँडलच्या आसपास पोचली पाहिजेत. मग म्हणायचा, "आता डोळं झाक. हात सोड. कुटं पडत्यात बगू." जिथं हात पडतील तिथं मुठी आणायच्या. सगळं झालं की शीटवर पाणसळ. शीटचं नाक वर असेल तर, त्याचे शब्द मी इथं लिहीत नाही, पण पुरुष माणसाला कुठं लागतं ते समजून घ्या. नाक खाली असेल तर माणूस पुढं घसरतो आणि सगळा भार मनगटावर.

तोंडावरून तो कुणाला ओळखत नव्हता. तोंडाकडं बघायचाच नाही. "डावं बूड", "पुढं सरकनारा", "फोकलीची कंबर" अशी त्याच्याकडं लोकांची नावं. मी "उंट". मत मागायला आलेला एक पुढारी हात जोडून उभा राहिला, तर याचं लक्ष त्याच्या पँटच्या मागच्या खिशाकडं. "त्ये पाकीट काड आधी. एकीकडं वाकून चालतोयस." पुढाऱ्याला वाटलं विरोधी पक्षाचा आहे.

असा माणूस वरातीत न्यायचा नसतो. पण आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या वरातीला त्याला बोलावणं होतं. बँड जोरात, पोरं नाचतायत, नवरदेव घोड्यावर. हा घोड्याच्या मागनं चाललेला, मान वाकडी करून. मला कोपरानं ढोसलं.

"उंटा, नवरदेवाचं गुडघं बग. छातीला लागत्यात."

"लागू दे की. लगीन त्याचं हाय."

"आनि शीट एकीकडं उतरलीय."

"शीट न्हवं ती, खोगीर म्हनत्यात."

तो ऐकणार होता का? पुढं गेला, हात वर करून बँड थांबवला आणि खिशातनं पाणसळ काढून नवरदेवाच्या मांडीमागं खोगिरावर ठेवली. घोडेवाला ओरडला, "ओ अण्णा, घोडं हाय ते, सायकल न्हाय!"

"बूड तेच हाय की!"

आणि यानं आधी पाय ठेवायच्या रिकिबीचा पट्टा लांब केला. तिथवर ठीक होतं. मग खोगीर सारखं करायला घोड्याच्या पोटाखालचा पट्टा सैल केला. पट्टा बांधताना घोडं पोट फुगवून घेतं म्हणे. त्यानं आता निवांत श्वास सोडला. नवरदेव जागेवरून हलला. जोरात नाही, हळूहळू, सूर्य बुडतो तसा. फेटा, तुरा, मुंडावळ्या, खोगीर, सगळं एका बाजूला चाललेलं, आणि तो आपला ताठ बसूनच. शेवटी ढोलवाल्याच्या ढोलावर जाऊन टेकला. नवरदेवाची आत्या चप्पल काढून याच्या मागं लागली ती पार पाण्याच्या टाकीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर गाल फुगवून बसलेला. म्हणाला, "घोडं पोट फुगवतंय हे मला कुनी सांगितलं? सायकल श्वास घेत न्हाय. म्हनून मला ती बरी वाटती."

आता माझ्या बायकोचं सांगतो. तिच्याशिवाय हा माणूस अर्धाच होतो.

ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करायची. ती आणि शेजारीण मिळून. ज्वारीच्या भाकरी पातळ थापून वाळवून कडक करायच्या, पिशव्यांत भरायच्या आणि दुकानांत नेऊन द्यायच्या. पोचवायचं काम हिचं. आधी चालत जायची. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिची कॉलेजातली गिअरची सायकल दारात पडून राहिली, ती हिनं घेतली. सायकल लहानपणी माहेरी शिकलेली. पण ही सायकल पोरीची. सरळ दांड्यासारखं हँडल, त्यावर ओणवं व्हायचं. थोड्या दिवसांत मान धरली. आणि गिअरचा खटका उजव्या मुठीपाशी, अंगठ्यानं दाबायचा. हिचा उजवा अंगठा वाकायचाच नाही. टॉवेल शिवायच्या मशिनची सुई पूर्वी एकदा त्यातून गेलेली. घरातसुद्धा ती सगळं डाव्या हातानं करायची. मीठ डावीकडं, काडेपेटी डावीकडं, डबे डावीकडं. आणि मी आयुष्यभर उजवीकडं शोधणारा. "कुठं ठेवलंस गं?" मी बाहेरनं ओरडायचो. "डाव्या हाताला हाय की!" ती आतनं ओरडायची. आमच्या घरात देवाच्या नावापेक्षा ही दोन वाक्यं जास्त झाली असतील.

तर तिला घेऊन मी टपरीवर गेलो. माणूस आणि सायकल दोन्ही, कायद्याप्रमाणं.

"अण्णा, मान दुखत्या," ती म्हणाली.

तो सायकलीकडंच बघत होता. "दुखनारच. सायकल पोरीची, मान आईची. बसा."

"साडी हाय."

"साडीला कुटं बसायचंय? तुमी बसा."

हिनं पदर खोचला आणि बसली. त्यानं सगळी मापं घेतली. पोरीची शीट काढून स्प्रिंगची रुंद शीट घातली. कुठल्या तरी जुन्या सायकलीचं मागं वळलेलं हँडल आणून बसवलं, म्हणजे ताठ बसता यावं. अंगठा बघितला. दाबून बघितला, वळवून बघितला, हिनं हात ओढून घेतला तरी बघितला. मग डाव्या बाजूला एक खटका होता, पायडलजवळच्या चकत्यांचा, तो काढून फेकून दिला. "सोलापुरात डोंगर कुटं हाय?" आणि मागचा खटका उजवीकडनं काढून डावीकडं, उलटा करून बसवला. नवीन लांब वायर घातली. मला तो उलटा खटका बघून चक्कर आली, हिनं डाव्या अंगठ्यानं टकटक करून बघितला आणि पोरीसारखी हसली.

"आता कोपऱ्यापतूर जाऊन या," तो म्हणाला. "मी मागनं बगतो."

"मागनं काय बगता?"

"कंबर. डोलली तर शीट उंच झाली."

ती उतरली. सगळी गल्ली बघतेय. समोरचा पंक्चरवाला ट्यूब हातात धरून तसाच. हिनं हँडल त्याच्या हातात दिलं. "तुमी जावा कोपऱ्यापतूर. मी मागनं बगते."

"मी सायकल चालवत न्हाय."

"का?"

"माजं माप कोन घेनार? मला मागनं बगायला दुसरा मी पायजे."

हे तो सगळ्यांना सांगायचा आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. किती मोठा कारागीर, दुसऱ्याच्या मापावर बसत नाही. बायको माझ्यासारखी मान डोलवणारी नव्हती.

"मी घेते की माप. बसा. चप्पल काडा."

आणि तो बसला! काय झालं त्याला कोण जाणे. तिनं त्याचीच वाक्यं त्याला ऐकवली. टाच ठेवा, ताणू नका, डोळं झाका. मग पाठीवर थाप मारून म्हणाली, "जावा." तो निघाला. एक पाय पायडलवर, एक पाय रस्त्यावर घासत, हँडल इकडं, हँडल तिकडं. दोनदा गटारीकडं गेला. तिसऱ्यांदा विजेच्या खांबाला मिठी मारून थांबला. सगळी गल्ली आता हसणार, तेवढ्यात ही मोठ्यानं ओरडली, "थांबा अण्णा, चेन पडल्या! मी येते."

गेली, खाली वाकून चेनशी काहीतरी केल्यासारखं केलं, आणि दोघं सायकल हातात धरून परत आली. त्याचं तोंड काळंठिक्कर. ती म्हणाली, "शीट बराबर हाय. चेन तेवडी बगा." लोक आपापल्या कामाला लागले.

घरी आल्यावर तिनं दार लावलं आणि चुलीपुढं बसून अशी हसायला लागली की डोळ्यांतनं पाणी. "आवो, त्याला सायकल येत न्हाय!"

"काय बोलतीस?"

"जन्मात बसला न्हाय तो सायकलीवर. चेन जागच्या जागी हुती. कुनाला बोललासा तर बगा. भाकरी मिळनार न्हाय."

मी बोललो नाही. भाकरीचा प्रश्न होता. आता दोघंही नाहीत आणि भाकरी शेजारीण देते, तर लिहून टाकतो.

त्या दिवसापासून तो तिला अक्का म्हणायला लागला. तोंडाकडं बघून. आख्ख्या पेठेत एका तिच्याच तोंडाकडं तो बघायचा.

दिवाळीच्या आधी ती गेली. दुपारी भाकरी थापता थापता. आजारपण नाही, काही नाही. तव्यावरची भाकरी करपली म्हणून शेजारीण बघायला आली. पुढचं मी लिहीत नाही.

सायकल दारात राहिली. शीटला तिनं जुन्या चादरीच्या तुकड्याचं कव्हर शिवलेलं, लाल-पांढऱ्या चौकटीचं. पंधरा-वीस दिवस मी घरात काडेपेटी शोधत बसलो. मग शेजारीण म्हणाली, "दादा, दुकानदार भाकरी मागत्यात. मी करते, तुमी पोचवता का?" मी हो म्हटलं. घरात बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं.

पण तिच्या शीटला मी हात लावला नाही. ती बसायची तेवढीच उंची. मी तीवर बसलो की सर्कशीतलं अस्वल. गुडघे हँडलला, पाठीचं धनुष्य. पोरं मागं पळायची. गुडघा सुजला. पुण्याहून पोरीचा फोन यायचा, "बाबा, शीट वर करून घ्या ना, एका मिनिटाचं काम आहे." मी म्हणायचो, "बरं." करायचो नाही. एका मिनिटाचंच काम आहे म्हणून तर करायचो नाही. तिच्या साड्या पोरगी घेऊन गेली, गादी उन्हात टाकली तसा तिचा वासही उडून गेला. तिच्या अंगाच्या मापाचं जगात आता एवढंच राहिलं होतं, जमिनीपासून त्या चौकटीच्या कापडापर्यंतचं. ते मी पान्यानं सोडवून टाकू?

मग एक दिवस पुलाच्या चढावर मी चिडून खटका नको तिकडं दाबला आणि वायर तुटली. सायकल हातात धरून टपरीवर गेलो. फक्त वायर घालून घ्यायची, असं ठरवून.

तो खाली वाकून कुणाची तरी मूठ घट्ट करत होता. वर न बघता चाकावरनंच सायकल ओळखली.

"अक्का कुटं हाय?"

"वायर तुटलीय."

"अक्काला आन. सायकल एकटी आनायची न्हाय, म्हाईत हाय की तुला."

"ती गेली."

"कुटं? पोरीकडं?"

"न्हाय."

"मग आली की आन. घाई काय हाय?"

"मेली ती," मी म्हणालो. "दिवाळीच्या आदी."

त्यानं पाना खाली ठेवला. सुताचा बोळा घेतला आणि हात पुसायला लागला. पुसलेलेच हात पुन्हा पुसतोय, बोटं, नखं, मनगट. मग एकदम अंगावर आला.

"आनि मला सांगायचं न्हाय? उंटा, भाड्या, मला सांगायचं न्हाय?" पुढचं तेलुगूत. शेठला दिल्या होत्या त्याच्या दुप्पट शिव्या मी उभ्यानं खाल्ल्या. खरं सांगतो, घरी येऊन "फार वाईट झालं" म्हणणाऱ्यांपेक्षा मला त्या बऱ्या वाटल्या.

दम लागल्यावर तो सायकलीकडं वळला. "बस."

"वायर घाल. शीटला हात लावायचा न्हाय."

"का?"

"तिचं माप हाय."

"ती बसनार हाय?"

मी त्याची गळपट्टी धरली. तो हलला नाही. माझ्या तोंडाकडंही बघत नव्हता, गुडघ्याकडं बघत होता. सुजलेला.

"धर," तो म्हणाला. "मार पायजे तर. पन असा बसत ऱ्हायलास तर उन्हाळ्यापतूर चालता येनार न्हाय तुला. मग भाकरी कोन नेनार? अक्काच्या भाकरी घरात सडवनार हायस तू, तिच्या शीटपायी?"

याला भाकरीचं कसं कळलं म्हणून मी बघितलं. मागच्या पिशवीतनं बाहेर डोकावत होत्या. माझा हात सुटला. आणि मग मला जे व्हायचं नव्हतं ते झालं. भर रस्त्यात, सकाळच्या गर्दीत, भिंतीला पंजा टेकून मी रडायला लागलो. मसणात रडलो नव्हतो. रिक्षावाला थांबला. पंक्चरवाला उठून उभा राहिला. दोन बाया भाजीच्या पिशव्या धरून बघायला लागल्या.

तो त्यांच्यावर खेकसला, "काय बगताय? चेन पडलीय त्याची! जावा आपापल्या कामाला!"

लोक गेले. म्हाताऱ्या माणसाची चेन कुठं असते हे कुणी विचारलं नाही.

मी बसलो. चप्पल काढली, टाच ठेवली. त्यानं शीटचा बोल्ट सैल केला तेव्हा मी तोंड फिरवलं. नळी करकरत वर आली. "बग हिकडं," तो म्हणाला. बघितलं. नळीचा वरचा भाग पावसापाण्यानं गंजलेला, आतनं आलेला चकचकीत. मधे सरळ रेघ. "ही अक्का," रेघेवर बोट ठेवून तो म्हणाला. "तू तिच्यापेक्षा उंच म्हनून ऱ्हायली. बुटका असतास तर गेली असती आत." हे त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की नळीची माहिती म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

हँडल वर घेतलं. मुठी माझे हात पडतात तिथं आणल्या. पाणसळ ठेवली, चादरीच्या कव्हरावरच. बुडबुडा मधे आला. मग डाव्या खटक्याला नवीन वायर घातली आणि पाना खिशात टाकला.

मी म्हणालो, "आनि खटका? माजा उजवा अंगठा धडधाकट हाय."

"म्हाईत हाय."

"मग हिकडं घे की."

तो बोळ्यानं पाणसळ पुसत बसला. "शीट गुडघ्याची असती," तो म्हणाला, "हँडल पाठीचं. त्यात चुकलं की दुखतंय. खटक्याला काय दुखत न्हाय. अंगठा शिकंल. न्हाय शिकला तर बसंल शोधत. ऱ्हाऊ दे तितंच."

"चूक हाय की ते."

"चूकच हाय. जन्मात पैल्यांदा चुकीची सायकल सोडतोय. कुनाला बोललास तर बग." आणि मग पाठ वळवून, "अक्कानं बी कुनाला सांगितलं न्हवतं."

म्हणजे त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, तो मागनं बघत उभा राहिला. "डोलत न्हाय," म्हणाला. "जा आता, भाकरी मऊ पडतील."

उन्हाळ्यात तो गेला. टपरीत खुर्चीवर बसल्याबसल्या. पुतण्या सांगत होता, ताठ बसला होता, एकीकडं कललासुद्धा नव्हता. त्याचं मरणही लेव्हलमधे होतं, आम्ही खांद्यावर घेऊन तेवढं वाकडं केलं. पाणसळ चितेवर ठेवायची का नाही यावर थोडा वाद झाला. मी म्हणालो, ठेवा. वर गेल्यावर कुणाकुणाच्या बैठकी बघायच्या असतील त्याला.

सायकल बेस चालते. गुडघा उतरला. पाठ दुखत नाही. भाकरी वेळेवर पोचतात. पण पुलाचा चढ आला की रोजचीच कथा. पाय जड होतात, मागचा रिक्षावाला भोंगा वाजवून डोकं उठवतो आणि माझा उजवा अंगठा मुठीवर चाचपडायला लागतो. तिथं काही नसतं. शिकेल म्हणाला होता, अजून शिकलेला नाही. मी त्या सायकलवाल्याला एक अस्सल तेलुगू शिवी हासडतो. आणि मग, आजूबाजूला कोण आहे ते न बघता, तोंडातनं निघतंच.

"कुठं ठेवलंस गं?"

डाव्या हाताला असतो.